क्लीनर साइड

४ नोव्हें., मंगळ.

देवधर मॅडमची गाडी आली. नौपाड्याहून कोपरीला गॅरेजपर्यंत स्वतः चालवत आल्या. म्हणाल्या, पुलावर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी तीन-तीनदा वर-खाली होते, थांबतच नाही. लाल, दोनच सीटची, वरचं छप्पर कापडी. मॅडमचा भाऊ मस्कतला होता, तो येताना घेऊन आलेला. तो आता नाही. त्यानंतर सहा वर्षं गाडी झाकलेली.

अण्णांनी बोनेटवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. गॅरेज उघडल्यापासून असं काम आलं नाही म्हणतात.

काम: चारही शॉकअप बदलणे. मागचे जुने तर आजच्यासारखे नळीचे नाहीतच. लोखंडी डबा आणि त्याला बाहेर आलेला दांडा. दोन्ही डब्यांतून तेल गळतंय. नवे, सेटिंगवाले, मॅडमने बाहेरून मागवलेत. खोका डिक्कीत.

मॅडम: "शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात त्याला." अण्णा: "तेच ते मॅडम, शॉकअप." मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, आता रिटायर. मी वहीत दोन्ही शब्द लिहिले.

गाडी डाव्या हाताची. स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे या गाडीत ड्रायव्हर साइड डावी, क्लीनर साइड उजवी. ड्रा. सा. = डावी, क्ली. सा. = उजवी. लक्षात ठेवणे.

५ नोव्हें., बुध.

मागचे डबे काढले. एकेका बोल्टला अर्धा तास. तेल सोडायचं, वाट बघायची, मग पाना. प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते चिठ्ठी लावून पेपरवर मांडून ठेवलं.

अण्णा: "मास्तर, गाडी दुरुस्त करतोयस की जनगणना?"

मास्तर हे नाव त्यावरूनच. नववीत शाळा सुटलेला मास्तर.

मी का लिहितो ते त्यांना माहीत नाही. आंबिवलीच्या गॅरेजला असताना एका रिक्षाच्या पुढच्या चाकाची पिन घालायची राहिली. मध्येच जेवायला बोलावलं म्हणून उठलो, परत आलो तेव्हा वाटलं घातलेली आहे. शहाडच्या पुलावर चाक निघालं. रिक्षावाल्या काकांचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मालकाने त्याच संध्याकाळी मला घरी पाठवलं. तेव्हापासून नियम, काम झालं की आधी वही, मग हात धुणं. म्हणून वहीची पानं काळी.

हे अण्णांना सांगायचं राहिलंय. दोन वर्षं राहिलंय.

६ नोव्हें., गुरु.

मागचे नवे शॉकअप लागले. एका बाजूला तीन बोल्ट, वरच्या ब्रॅकेटला पुढचा आणि मागचा असे दोन, खाली एक. दोन्ही बाजू मिळून सहा. ब्रॅकेट जुन्या डब्याच्याच भोकांवर बसतं. बोल्ट इंची आहेत. आपल्याकडचे पाने सगळे मिलीमीटरचे, एक सैल पडतो, दुसरा जातच नाही. अण्णांच्या पेटीत तळाला इंची मापाचे दोन पाने निघाले, गुरूंचे म्हणाले.

ब्रेकचा पाइप ब्रॅकेटपासून चार बोटांवरून जातो. दोन्हीकडे. ब्रॅकेट सुटलं तर शॉकअप आधी त्या पाइपवर येणार, मग टायरवर.

हे लिहायला नको होतं. लिहिलं की दिसायला लागतं.

७ नोव्हें., शुक्र.

अण्णा म्हणाले, क्लीनर साइडला जॅक लाव. मी उजवीकडे लावला.

"डोळे कुठे ठेवलेस? क्लीनर साइड."

"अण्णा, हिच्यात ड्रायव्हर डावीकडे आहे ना, म्हणजे क्लीनर…"

"क्लीनर फुटपाथकडे बसतो. ड्रायव्हरला बसू दे कुठे पण, टपावर बसू दे. क्लीनर फुटपाथकडे."

अण्णा ट्रकवर शिकले. पस्तीस वर्षं त्यांची क्लीनर साइड डावी. स्टिअरिंग सरकलं म्हणून ती सरकणार नाही. वाद नको. यापुढे त्यांचीच धरायची. क्ली. सा. = डावी.

पुढचे दोन्ही शॉकअप लागले. काही राहिलं नाही. तीनदा बघितलं.

९ नोव्हें., रवि.

सुट्टी. घरी, दिव्यात, नळाला पाणी नाही, टँकर दुपारी. चाळीस कळशा. सोनलकडे तिची लाल नेलपॉलिश मागितली. फायनल आवळलेल्या बोल्टवर रेघ ओढायला लागते, आधीची बाटली सुकली.

"कुणाला देतोयस खरं सांग."

"गाडीला."

"आई, दादाने गाडी पटवली."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, जेवताना पण तुझं लक्ष त्या वहीत असतं.

१० नोव्हें., सोम.

सेटिंग सुरू. शॉकअपला खाली गोल बटण आहे. फिरवलं की टिक वाजते आणि बोटाला पण कळते. पूर्ण सैलपासून पूर्ण कडकपर्यंत बावीस टिक. मी प्रत्येक वेळी आधी पूर्ण सैल करतो आणि शून्यापासून मोजतो. मधूनच दोन पुढे, एक मागे असं करत नाही. मोजणी हरवते.

मॅडम स्वतः आलेल्या. स्टीलचा पेला काठोकाठ भरला, सीटसमोर खाली ठेवला आणि मला बाजूला बसवलं. कोपरीतल्या तीन गतिरोधकांवरून गेलो. परत आल्यावर पट्टी घालून पाणी किती कमी झालं ते मोजलं. मला लिहायला लावलं. चार टिकला अर्धा पेला सांडला, बाराला पाव, अठराला परत अर्धा.

"का सांडलं अठराला? विचार कर."

"कडक झाला म्हणून. मऊ असला तर डुलून सांडतं, कडक असला तर आपटून सांडतं."

"बरोबर. फिजिक्स सोडलंस कधी?"

"नववीत."

 मॅडमनी पेला पुसून पिशवीत ठेवला. अण्णा लांबून म्हणाले, ह्याच्या दिव्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही त्याला सांडायला शिकवताय.

मला भीती वाटली नाही. अख्खी दुपार. नोंद करून ठेवतो.

१२ नोव्हें., बुध.

ठरलं. पुढे अकरा, मागे नऊ. अण्णांनी एक फेरी मारली आणि पेल्याशिवाय सांगितलं, मागे एक टिक कमी कर, बुडाला कळतं. कमी केली. पेल्यात पाणी जास्त राहिलं. मॅडमनी मान्य केलं.

गाडी कशाला एवढी मऊ हवी ते आज कळलं. त्यांची मोठी बहीण, कुमुदताई, डोंबिवलीला असतात. पाठीचं ऑपरेशन झालंय, दणका चालत नाही. दोघी माळशेजवरून जुन्नरला जाणार. दोघींची शाळा तिथली. बुधवारी, १९ तारखेला. दोन सीट, दोन बहिणी.

मागे आठ टिक. लिहिलं.

१३ नोव्हें., गुरु.

वाईट.

पन्नास किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट परत आवळायचे असतात. पुढचे झाले, मागे गेलो. एकेक आवळला, सुकं फडकं मारलं, रेघ ओढली. शेवटचा राहिला. तो आवळून झालेला. हाताला कळलेलं की झालं. पण डोळ्यासमोर माळशेजचा घाट आला आणि त्या दोघी. म्हणून पान्याला पाइप लावला आणि अजून अर्धा फेरा. पाना एकदम हलका झाला. नुसता फिरायला लागला. आटे गेले.

क्ली. सा., वरच्या ब्रॅकेटचा मागचा बोल्ट. माझ्या हातून. सहापैकी पाचांवर लाल रेघ, याच्यावर नाही. तसाच भोकात ठेवलाय, जागेवर राहावं म्हणून.

अण्णांना लगेच सांगितलं. ते रागावले नाहीत. "भ्यायलेल्या हाताने आवळू नये. भ्यायलेला हात थांबत नाही."

बाजारात या मापाचा इंची बोल्ट नाही. वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे बनवून घ्यावा लागेल. नमुना म्हणून खालचा एक बोल्ट काढून नेला, परत आणून बसवला, आवळला, रेघ ओढली.

१४ नोव्हें., शुक्र.

बोल्ट मिळाला. नटासकट. चकाकतोय. लेथवाल्याने चांगलं पोलाद वापरलंय.

उशीर झालेला, अण्णा म्हणाले मी लावतो उद्या सकाळी, तू कल्याणला जा. उद्या मावसभावाचा साखरपुडा. जायचं नव्हतं. आई म्हणाली, प्रत्येक कार्यात तुझी जागा रिकामी, लोक विचारतात.

चिठ्ठी लिहून डॅशबोर्डवर ठेवली. 'क्ली. सा. मागील शॉकअप, वरच्या ब्रॅकेटचा मागचा बोल्ट बदलणे. आटे गेले आहेत. नवीन बोल्ट-नट ट्रेमध्ये.' नेहमीसारखं आधी 'क्ली. सा.' लिहिलं, मग खोडून पूर्ण लिहिलं. क्लीनर साइड. म्हणजे अण्णांना वाचायला सोपं.

१५ नोव्हें., शनि.

कल्याण. जेवायच्या पंगतीत बसलो असताना अण्णांचा फोन. "झालं रे. गाडी गेली. मॅडम खूश. म्हणाल्या तो मुलगा कुठाय."

दोन वेळा श्रीखंड घेतलं.

१७ नोव्हें., सोम.

वही भरून संपत आली म्हणून जुनी पानं चाळत होतो. ४ तारखेचं पान. क्ली. सा. = उजवी. ७ तारखेचं. क्ली. सा. = डावी.

१३ तारखेला मी कुठली क्ली. सा. लिहिली.

  ७ तारखेनंतर अण्णांचीच धरायची असं मीच लिहिलंय. मग १३ ला डावीच लिहिली असणार. असणार. पण १० ते १२ रोज मॅडमबरोबर गाडीत बसलो. मॅडम डावीकडे स्टिअरिंगवर, मी उजवीकडे. क्लीनरच्या जागेवर. त्या एकदा म्हणाल्या पण, तू माझा क्लीनर. तीन दिवस माझी क्ली. सा. उजवी होती. आणि १३ ला भीतीत लिहिलं. भीतीत माणूस कुठली साइड लिहितो.

अण्णांना विचारलं, शनिवारी कुठल्या बाजूचा बदलला.

"चिठ्ठीत होती त्या बाजूचा."

"डावी की उजवी?"

"क्लीनर साइड. डावीच की. डावीच असेल. मी काय तुझ्यासारखं लिहून ठेवतो?"

"जुना बोल्ट कुठाय?"

"भंगारात."

भंगारवाला आज सकाळीच डबा रिकामा करून गेला.

जेवणाच्या सुट्टीत, गाडी उभी होती तिथे फरशीवर उताणा झोपून बघितलं. शेजारच्या लॉन्ड्रीचा रेडिओ १३ तारखेला कुठल्या कानात वाजत होता ते आठवायचं होतं. डावा कान वाटला. पण डोकं डिक्कीकडे होतं की पुढे, ते आठवेना. आणि गाडी त्या दिवशी तोंड आत करून उभी होती की बाहेर. मग रेडिओ दोन्ही कानांत वाजायला लागला.

अण्णा वरून बघत होते. "उठ. गिऱ्हाईक येतंय."

जर मी उजवी म्हणून लिहिलं आणि अण्णांनी डावीचा बदलला, तर त्यांनी चांगला बोल्ट काढून नवा घातला. आणि आटे गेलेला अजून तिथेच आहे. नुसता भोकात ठेवलेला. घाटात.

संध्याकाळी धीर करून म्हटलं, मॅडमना फोन करू का, गाडी एकदा परत बघून घेऊ.

"काय सांगणार? मॅडम, तुमचा बोल्ट कुठल्या बाजूचा लावला ते आम्हाला माहीत नाही? त्यांच्या ओळखीत जुन्या गाड्यावाले चार जण आहेत. परवा म्हणाल्या, पाठवते तुमच्याकडे. उद्या कोण गाडी देईल आपल्याला?" मग जरा हळू, "मी पस्तीस वर्षं बोल्ट लावतोय रे."

 ते चुकले असं मी म्हटलं नव्हतं. मी चुकलो असेन असं म्हणायचं होतं. त्याच्यामागून आंबिवली सांगावी लागली असती.

१८ नोव्हें., मंगळ.

नौपाड्याला गेलो. कामावरून सुटल्यावर नाही, पार्ट आणायला जातो सांगून दुपारीच. ठरवलेलं की गाडी पार्किंगला असेल, वाकून बघू, अर्ध्या मिनिटाचं काम. रेघ नसलेले बोल्ट मोजायचे. अण्णा रेघ ओढत नाहीत. सगळं बरोबर असेल तर सहात बिनरेघेचा एकच, तो नवा. चुकलं असेल तर दोन. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला माझा.

गाडी होती. भिंतीला टेकवून, कापडाने झाकलेली. कापड उचललं तोवर मॅडम झाडांना पाणी घालायची झारी घेऊन आल्या.

"अरे, प्रशांत. काय बघतोयस?"

"टिक. टिक बघायला आलेलो. सरकल्या नाहीत ना."

"सरकतील कशा? तू मोजलेल्या." वर चल म्हणाल्या. चहा, चिवडा. टेबलावर उद्याची तयारी. ताईच्या पाठीची उशी, थर्मास, शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा. पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला एक कागद काढून दाखवला. माझी चिठ्ठी.

"डॅशबोर्डवर होती. फेकवेना. किती सुंदर अक्षर. आणि 'क्लीनर' दीर्घ, 'साइड' ऱ्हस्व. माझे एम. एस्सी.चे विद्यार्थी चुकायचे."

आता सांगावं. हीच वेळ. चिठ्ठी हातात आहे, नुसतं बोट ठेवायचं त्या शब्दावर. बोट ठेवलं नाही. चहा गरम होता, जीभ भाजली.

"बरं वाटत नाही का तुला?"

"उन्हातून आलेलो."

"सकाळी सातला निघू आम्ही. डोंबिवलीहून ताईला घेऊन पुढे. घाटात तुझी आठवण काढू."

आलो. खाली गाडीजवळून गेलो, वॉचमन बघत होता, वाकलो नाही. वाकायला काय हरकत होती. टिक बघतोय सांगितलं असतं. वॉचमनला कोण घाबरतं.

रिक्षावाले काका अजून आंबिवली स्टेशनबाहेर बसतात म्हणे. डाव्या हाताने चहा पितात. मी ते स्टेशन टाळतो. जुन्नर पण टाळावं लागेल का, असा विचार आला. किती हलका विचार. स्वतःचीच किळस आली.

१९ नोव्हें., बुध.

सकाळी साडेनऊ. त्या सातला निघाल्या. मुरबाडच्या पुढे असतील.

गॅरेज उघडल्यावर एका टेम्पोचा नट काढत होतो, घट्ट होता. अण्णा शेजारी उभे. सहज विचारल्यासारखं विचारलं, शनिवारी मॅडमच्या गाडीचा जुना नट सैल निघाला की घट्ट?

 अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"घट्टच होता जरा."

आटे गेलेला नट नुसता फिरतो. कधी कधी अडकतो पण. आटे दुमडले की अडकतो. दोन्ही होतं. अण्णांना पण माहीत आहे दोन्ही होतं. पण ते काल झोपले नसावेत, डोळे लाल होते. म्हणजे त्यांनी पण तेच मोजलंय जे मी मोजलं.

मग मी सांगितलं. आंबिवली, पिन, पूल, काका. उभ्यानेच. टेम्पोवाला ऐकत होता, त्याला पण ऐकू दिलं.

अण्णा म्हणाले, "दोन वर्षं माझ्या गॅरेजात हे घेऊन फिरतोयस?" मग म्हणाले, "लाव फोन."

९.४० – लागत नाही.
९.४६ – लागत नाही.
९.५५ – वाजला, उचलला नाही.
१०.०५ – संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे घाट.

अण्णा ट्रकवाल्या मित्राला फोन लावतायत, माळशेजला कुणी आहे का. कुणी नाही.

१०.२०. अण्णांनी चहा मागवला, कुणी प्यायलं नाही. टेम्पोवाला गेला नाही. म्हणाला, थांबतो, कळू दे.

१०.३१. लागला. अण्णा म्हणाले स्पीकरवर टाक आणि तू बोल, चिठ्ठी तुझी. वही मांडीवर आहे. बोलता बोलता लिहितोय.

घाटात मोठी जागा आहे तिथे थांबल्यात. ताईंना पाय मोकळे करायचे होते. मी सगळं सांगितलं. डावी, उजवी, ४ तारीख, ७ तारीख. काल आलो ते टिक नाही, बोल्ट बघायला, तेही सांगितलं. तिकडे वाऱ्याचा आवाज. मला वाटलं फोन कट झाला.

मॅडम: "क्लीनर साइड ही काय दिशा आहे, प्रशांत? डावं-उजवं शिकवत नाहीत का नववीपर्यंत?"

"शिकवतात मॅडम."

"माझ्या गाडीत क्लीनरच नाही." मग आवाज बदलला. "टोकावड्यापासून मागून टकटक येतेय. मला वाटलं ताईचा डबा."

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड हात.

मी: मॅडम, गाडी पुढे नेऊ नका. हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा. मग मागून वाकून बघा. मोबाइलचा टॉर्च. दोन्ही बाजूंना वरच्या ब्रॅकेटला दोन-दोन बोल्ट दिसतील, एक पुढे, एक मागे, खाली एक. नवा सोडून सगळ्यांवर लाल रेघ असायला हवी. नेलपॉलिशची. रेघ नसलेला एकच सापडला पाहिजे. दोन सापडले तर गाडी तिथेच ठेवा, आम्ही येतो.

"नेलपॉलिश?"

"बहिणीची आहे."

मागून कुमुदताईंचा आवाज, "शालन, साडी खराब होईल, अंथर काहीतरी." "होऊ दे गं. तू फोन धर."

दगड लावला. डावीकडे गेल्या.

"खालच्यावर आहे रेघ. वरचा पुढचा, आहे. वरच्या मागच्यावर नाही. नवा दिसतोय, चकाकतोय."

म्हणजे अण्णांनी डावीचाच बदलला. आता उजवीकडे तिन्ही लाल असायला हवेत. अण्णा डोळे मिटून आहेत. टेम्पोवाला आत येऊन उभा राहिलाय.

ताईंनी विचारलं, "बाळ, तू आहेस ना फोनवर?" म्हटलं, आहे.

उजवीकडे.

"खालचा, लाल."

"वरचा पुढचा, लाल."

"मागच्यावर चिखल बसलाय, काही दिसत नाही. थांब. पदराने पुसते."